लाराव्हेल सेल: ८ जीबीच्या लॅपटॉपवर कितपत झेपतं?

संभाजीनगर, लातूर, नांदेडकडच्या छोट्या टीममध्ये एकाच्या मशीनवर पीएचपी ८.१, दुसऱ्याच्या ८.३ आणि सर्व्हरवर तिसरंच, ही कटकट असेल तर लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कचं सेल जरूर वापरा. डॉकर कंपोझवर (प्रत्येक सेवा कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात, एका फाइलीवरून चालवणारं साधन) चालणारी ही छोटी स्क्रिप्ट. पीएचपी, मायएसक्यूएल, रेडिस, मेल तपासायला मेलपिट, सगळं एका कंपोझ फाइलीत प्रोजेक्टसोबतच राहतं.

उबंटूवर फारसा त्रास नाही. कस लागतो तो विंडोजवर. प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवून डब्ल्यूएसएलमधून (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) चालवला की पान रेंगाळतं, आणि फाइल बदललेली व्हीटला (बदल होताच पान ताजं करणारं साधन) कळतच नाही. लायब्ररींच्या वेंडर फोल्डरमध्ये हजारो फाइली. त्यातली प्रत्येक लिनक्समधून विंडोजकडे जाऊन वाचावी लागते. कोड डब्ल्यूएसएलमधल्या उबंटूच्या होम फोल्डरमध्ये हलवा, फरक लगेच दिसेल. रॅम ८ जीबीच असेल तर डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिग फाइलीत ४ जीबीची मर्यादा घाला, आणि गरज नसेल तर मेलीसर्च (शोध), सेलेनियम (ब्राउझर चाचणी) निवडूच नका.

झॅम्प (अपाची आणि डेटाबेसचं तयार पॅकेज) चालू असेल तर ८० आणि ३३०६ हे पोर्ट अडतात. सेटिंग्जच्या ईएनव्ही फाइलीत ॲप पोर्ट ८०८० आणि फॉरवर्ड डीबी पोर्ट ३३०७ द्या. डीबी पोर्ट मात्र ३३०६ च राहू द्या, आणि डीबी होस्टला कंपोझ फाइलीतलं सर्व्हिसचं नाव लिहा. तिथे १२७.०.०.१ लिहिलं की 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येणारच, कारण कंटेनरच्या आत तो पत्ता म्हणजे तो कंटेनर स्वतःच. आर्टिझन या लाराव्हेलच्या कमांड-लाइन साधनाच्या कमांडही सेलमार्फतच चालवा.

डेटाबेसचा पासवर्ड नंतर बदलला तर लॉगिन होत नाही. मायएसक्यूएल तो फक्त पहिल्यांदा, व्हॉल्यूम (डॉकरची डेटा साठवायची जागा) रिकामा असतानाच घेतं. 'सेल डाउन' ला -v जोडून व्हॉल्यूम पुसता येतो, पण डेटाही जातो. आधी डेटाबेसचा डंप (प्रत) काढा.

आपल्याकडे सगळ्यात जड जातं ते पहिलं बिल्ड. पीएचपीची इमेज (कंटेनरचा साचा) तुमच्याच मशीनवर तयार होते, आणि त्यातली पॅकेजं उतरवण्याची पायरी एकच, लांबलचक आहे. मधेच लाइट गेली किंवा हॉटस्पॉट तुटला की ती पायरी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून चांगल्या नेटवर एकाच मशीनवर बिल्ड करा, डॉकर सेव्ह कमांडने पीएचपी आणि मायएसक्यूएल दोन्ही इमेज टार फाइलीत घ्या आणि पेनड्राइव्हने बाकीच्यांना द्या. त्यांनी डॉकर लोड कमांड चालवली की सेल तीच इमेज वापरतं, पुन्हा बिल्ड करत बसत नाही. कंपोझ फाइलीतली पीएचपी आवृत्ती मात्र सगळ्यांची सारखी हवी.

हेच सेटअप सर्व्हरवर चढवू नका. आत आर्टिझन सर्व्ह चालतं, आणि ते मुळात एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळतं. ॲपने स्वतःच्याच एपीआयला कॉल केला की लोकलवरसुद्धा पान लटकतं, ते यामुळेच.