त्रिंगलवाडी किल्ला – पावसाळा संपता संपता जाऊन याच

नाशिककरांनो हरिहर किल्ल्यावर लायनीत उभं राहण्यापेक्षा एकदा इगतपुरीजवळच्या त्रिंगलवाडीला जा, खरंच सांगतो. मुंबई-आग्रा हायवेने इगतपुरी आणि मग गावातनं आत, पायथ्यालाच त्रिंगलवाडीचा तलाव लागतो, त्याच्या कडेकडेने वाट जाते.

चढायच्या आधी पायथ्याची जैन लेणी अजिबात चुकवू नका!! दरवाज्यावरचं कोरीवकाम बघतच राहावं असं आहे, आत ऋषभनाथांची भंगलेली मूर्ती आणि तिच्या बैठकीवर शके १२६६ चा म्हणजे इ.स. १३४४ चा शिलालेख. जरा वेळ आत उभं राहा, डोळे अंधाराला सरावले की मग अक्षरं दिसायला लागतात. एवढं जुनं काम आणि त्यावर कुणीतरी खडूने नावं लिहून ठेवलीत, बघून फार वाईट वाटलं.

वरच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या मस्तच, उंच उंच आहेत त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असेल तर सावकाश, आणि दरवाज्याजवळ कातळात कोरलेला मोठा मारुती, शेंदूर लावलेला. माथ्यावर पडके चौथरे, पाण्याची टाकी, बाकी बांधकाम फारसं उरलेलं नाही. पण खाली तलाव आणि समोर कळसूबाई, अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांची रांग, हवा स्वच्छ असली की जागचं हलवत नाही.

किल्ल्यावर हॉटेल वगैरे काही नाही, पाणी आणि डबा घेऊनच निघा. पावसात पायऱ्या शेवाळलेल्या असतात, चांगल्या ग्रिपचे बूट हवेतच. लहान मुलांना न्यायला चालेल, फक्त पायऱ्यांवर हात सोडू नका. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा लेणीत ना पहारेकरी ना साधा माहितीफलक म्हणून कापला.