'डॉक्टर हू : द बिगिनिंग' – पडद्यामागचा ऐवज असलेला डीव्हीडी संच

'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेच्या 1963-64 मधल्या पहिल्या तीन कथा, तीन डिस्क. पण पैसे वसूल होतात ते पहिल्या डिस्कवरच्या कच्च्या पायलट (चाचणी भागाच्या) रेकॉर्डिंगमुळे. टार्डिसचे, म्हणजे डॉक्टरच्या कालयानाचे, दरवाजे नीट बंदच होत नाहीत, संवाद चालू असताना मागे धडधड आपटत राहतात. शिवाय यातला डॉक्टर, म्हणजे मालिकेचा कालप्रवासी नायक, जरा जास्तच खडूस आहे. बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांनी हा भाग नापास करून पुन्हा चित्रित करायला लावला. आधी हे बघा, मग प्रसारित झालेला भाग. फरक लगेच कळतो. दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा!

माहितीची सबटायटल्स (भाग बघताना निर्मितीचे किस्से सांगणाऱ्या ओळी) जरूर लावा. मात्र संवादांची सबटायटल्सही सबटायटल ट्रॅकवरच असल्याने दोन्ही एकदम दिसत नाहीत. भाग दोनदा बघायची तयारी ठेवा. टार्डिसच्या आवाजाचा किस्सा तर भन्नाट: बीबीसीचा ध्वनितंत्रज्ञ ब्रायन हॉजसनने जुन्या पियानोच्या खर्जातल्या तारेवर घराची किल्ली घासली आणि तो आवाज टेपवर प्रक्रिया करून घडवला. डालेक या यंत्रमानवासारख्या दिसणाऱ्या खलपात्राच्या आत माणूस बसून पायांनी ढकलत असे, आवाज दुसराच कलाकार रिंग मॉड्युलेटर या आवाज यांत्रिक करणाऱ्या उपकरणातून देई.

मूळ व्हिडिओटेप उरल्या नाहीत, फिल्मवरच्या प्रती उरल्या. व्हिडफायर या संगणकी तंत्राने मूळ व्हिडिओची सेकंदाला 50 फील्डची (अर्ध्या चित्रांची) हालचाल परत आणल्यामुळे चित्र स्टुडिओतल्यासारखं सळसळीत दिसतं.

ब्रिटिश आवृत्ती रीजन 2 ची आहे (रीजन म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारा कोड). भारतातले प्लेअर रीजन 5 चे, त्यामुळे मल्टी-रीजन प्लेअर नसेल तर डिस्क चालणार नाही.