बाजारातला स्टँडर्ड भाग घ्यावा की आपल्या ड्रॉइंगचा?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात मोजकीच यंत्रे बांधणाऱ्या कारखानदाराला नवे मॉडेल आखताना हे आधीच ठरवावे लागते की मोटर, बेअरिंग, गिअर हे भाग सर्व मॉडेलांत सामाईक आणि बाजारात मिळणारे ठेवायचे, की प्रत्येक यंत्रासाठी वेगळे बनवून घ्यायचे.

स्टँडर्ड भागाचा खरा फायदा यंत्र विकल्यानंतर कळतो. 6205 बेअरिंग कोणत्याही कंपनीचे घेतले तरी त्याचा आतला व्यास 25, बाहेरचा 52 आणि रुंदी 15 मिमी असते. 112 फ्रेमच्या मोटरचा शाफ्ट पायापासून 112 मिमी उंचीवरच असतो, त्यामुळे कोल्हापूरच्या ग्राहकाची मोटर जळाली तर तो गावातूनच दुसरी आणून त्याच भोकांवर बसवतो. खास बनवलेला गिअर तुटला, तर मात्र जॉबवर्कवाल्याकडे नंबर लागून हीट ट्रीटमेंट आणि ग्राइंडिंग होईपर्यंत यंत्र बंदच राहते.

तरीही मापे जुळली म्हणजे भाग जुळला, असे समजू नये. गरम चालणाऱ्या जागी सी-3 फटीचे (आतल्या गोळ्या आणि कड्यांमध्ये नेहमीपेक्षा जास्त मोकळीक असलेले) बेअरिंग हवे असताना साधे बसवले, तर ते चपखल बसते आणि लवकर जाते. बनावट माल निघतो तोही बहुधा अशाच चालत्या नंबरांचा.

सामाईकपणाची जोखीम याहून मोठी आहे. टकाटा कंपनीचे एअरबॅग इन्फ्लेटर, म्हणजे एअरबॅग फुगवणारे भाग, अनेक कंपन्यांच्या गाड्यांत होते. त्यांतले वायू तयार करणारे अमोनियम नायट्रेट दमट उष्ण हवेत वर्षानुवर्षे राहून खराब होऊ लागले, तेव्हा कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. लहान प्रमाणात दुसरा तोटाही होतो : साठा सोपा व्हावा म्हणून तीन एचपीच्या कामाला सगळीकडे साडेसात एचपीची मोटर लावली, की कमी भारावर पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाला लागणारा वाटा) घसरतो आणि त्याचा भुर्दंड ग्राहकाला बसतो.

माझ्या मते झिजणारे, जळणारे भाग बाजारातलेच असावेत. ज्या कॅम किंवा डायमुळे ग्राहक आपले यंत्र निवडतो, तेवढे स्वतःच्या ड्रॉइंगचे ठेवावेत आणि त्यांचा एक जादा जोड यंत्रासोबतच द्यावा. बेअरिंगच्या ऑर्डरवर आणि ग्राहकाच्या मॅन्युअलमध्ये नुसता नंबर न टाकता फट, सील आणि ज्यांचे बेअरिंग चालेल अशा किमान दोन कंपन्यांची नावेही लिहावीत.