गिनीची अंडी: मशीन की खुडूक कोंबडी?

गिनी फाउल म्हणजे कोंबडीसारखाच पाळला जाणारा ठिपकेदार पक्षी. त्याची डझनभर अंडी हाती आली की पहिला प्रश्न हाच पडतो: उबवणीचं मशीन घ्यावं, की दारातल्या खुडूक कोंबडीखाली ठेवावीत? गोव्यात डिचोलीला आमच्या घरी तीन हंगाम मी दोन्ही करून पाहिलं. पहिले पंचवीस दिवस दोघांत फारसा फरक नाही. खरा निकाल लागतो तो शेवटच्या तीन दिवसांत.

कुठलाही मार्ग धरलात तरी अंडी सात दिवसांहून जुनी नकोत. आपल्याकडच्या तिशीच्या उकाड्यात ठेवलेल्या अंड्यातला जीव उबवण्याआधीच अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. म्हणून घरातल्या सगळ्यांत थंड कोपऱ्यात, निमुळतं टोक खाली करून ठेवा.

मशीनमध्ये पंख्याचं घ्या. तापमान 37.5 अंश. पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका; ताप बघायचा घरचा थर्मामीटर अंड्यांच्या शेजारी ठेवून पडताळा. गिनीला 26 ते 28 दिवस लागतात, आणि बरीच मशीनं कोंबडीच्या 21 दिवसांवर लावलेली येतात. तो आकडा बदलला नाही तर अंडी फिरवणं आठवडाभर आधीच थांबतं.

दमटपणाबाबत मात्र माहितीपत्रक बाजूला ठेवा. पावसाळ्यात बाहेर 28 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा मशीनमध्ये तापून 50 टक्क्यांच्या आसपास येते. पहिल्या पंचवीस दिवसांना तेवढी पुरते, ट्रेमध्ये पाणी घालायची गरजच नसते. मी पहिल्या वर्षी घालत राहिले. अंड्यांतलं पाणी उडालं नाही, आणि फोडून पाहिलं तर पूर्ण वाढलेली, सुजलेली पिल्लं. आता स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करते. 40 ग्रॅमचं अंडं पंचविसाव्या दिवशी साडेचार-पाच ग्रॅमनी हलकं झालं पाहिजे. बॅटरीच्या उजेडात बघून काम भागत नाही, कारण गिनीचं कवच जाड आणि ठिपकेदार. दहाव्या दिवशीही आत काळसर गोळा आणि वर फिकट टोपी, एवढंच दिसतं.

पंचविसाव्या दिवसानंतर अंडी फिरवायची नाहीत आणि आर्द्रता 65 ते 70 टक्के लागते. झाकण उघडायचं नाही. हेच सांभाळणं सगळ्यांत कठीण. आतून टोचल्याचा आवाज येतो, हात शिवशिवतात. गेल्या वर्षी मी तीनदा झाकण उचललं. दमट हवा निघून गेली, आतला पापुद्रा सुकून कागदासारखा पिल्लाच्या अंगाला चिकटला. दोन पिल्लं चोच बाहेर काढून तशीच गेली. त्यात पावसाळ्यात झावळी तारेवर पडली की वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर हवाच.

खुडूक कोंबडी हे सगळं आपसूक सांभाळते. गावठी कोंबडीखाली गिनीची पंधरा अंडी सहज मावतात. फक्त त्यांच्यात तिची स्वतःची अंडी मिसळू नका: एकविसाव्या दिवशी तिची पिल्लं बाहेर आली की ती त्यांना घेऊन निघते आणि गिनीची अंडी थंड पडतात. महिनाभर बसून ती वाळते, तेव्हा रोज एकदा उठवून दाणा-पाणी द्या. साप-मुंगसापासून राखण मात्र तुम्हालाच करावी लागते.

पिल्लं झाल्यावरही कोंबडीच सरस. पाठीवर तपकिरी पट्टे, चोच आणि पाय नारिंगी, मुठीत हरवतील एवढी. मशीनच्या पिल्लांना पहिला आठवडा बल्बखाली 35 अंश हवेत. कोंबडी ती ऊब स्वतः देते, आणि तिच्यामागे वाढलेली गिनी संध्याकाळी खुराड्यात परतायला शिकतात. पावसाच्या ओल्या गवतात मात्र पिल्लं गारठून मरतात, म्हणून दोन-तीन आठवडे आईसकट कोरड्या पडवीत कोंडा. पाण्याच्या ताटलीत खडे घाला, नाहीतर बोटभर पाण्यातही बुडतात. खाद्यात प्रथिनं 24 टक्क्यांहून कमी नकोत. कोंबडीच्या पिल्लांचं साधं खाद्य कमी पडतं.

पंधरापर्यंत अंडी आणि घरात खुडूक कोंबडी असेल, तर मशीनवर पैसे घालू नका. तीस-चाळीस अंडी असतील आणि इन्व्हर्टर असेल, तर मशीन घ्या. मी या हंगामात दोन्ही जोडतेय: पंचवीस दिवस मशीन, तोवर कोंबडी लाकडी अंड्यांवर, आणि सव्विसाव्या रात्री अंधारात अदलाबदल.