लोकगीताच्या मिक्सवर अभिप्राय: लेखी मागवावा की शेजारी बसून घ्यावा?

घरच्या घरी मोजके माइक लावून पारंपरिक गाणे ध्वनिमुद्रित करणाऱ्याला, मिक्स (वेगवेगळे आवाज योग्य प्रमाणात एकत्र बसवण्याचे काम) पूर्ण होत आल्यावर, स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवणे अवघड जाते. शब्द खरोखर स्पष्ट आहेत की आपल्याला ते पाठ आहेत म्हणून स्पष्ट वाटतात, हे ठरवता येत नाही आणि दुसऱ्याचे कान लागतातच. ते मिळवण्याचे दोन व्यवहार्य मार्ग आहेत. एक म्हणजे शुल्क देऊन, फाइल पाठवून, साउंड इंजिनिअरकडून लेखी अभिप्राय मागवणे. दुसरा म्हणजे तासाच्या दराने स्टुडिओ घेऊन, इंजिनिअरच्या शेजारी बसून, तोच मिक्स त्याच्यासोबत ऐकणे. मी एकाच गाण्यासाठी दोन्ही मार्ग वापरले. गाणे गोंधळातले देवीचे पद होते: मुख्य गायक, मागे दोन झीलकरी (मुख्य गायकाला साथ देणारे), संबळ, तुणतुणे आणि झांज. पुढचे विवेचन याच अनुभवावर उभे आहे, त्यामुळे केवळ गिटार आणि आवाज असलेल्या गाण्याला त्यातले काही मुद्दे कमी लागू पडतील.

तिसरा मार्ग मित्रमंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गाणे टाकण्याचा. उत्साह वाढवण्यासाठी तो उत्तम आहे, पण मिक्ससाठी त्याचा उपयोग मला फारसा झाला नाही. ‘मस्त झालंय’ या प्रतिसादातून फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) वर न्यायचा की खाली, हे कळत नाही. ज्यांना तरीही ग्रुपवर टाकायचे असेल त्यांनी फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे निदान ती मूळ स्वरूपात पोहोचते.

लेखी अभिप्रायाचे गुण आधी प्रामाणिकपणे सांगायला हवेत, कारण ते थोडेथोडके नाहीत. अभिप्राय देणाऱ्याचा तुमच्याशी परिचय नसतो, त्यामुळे भीड नसते. तो स्वतःच्या ओळखीच्या खोलीत, स्वतःच्या ओळखीच्या मॉनिटरवर, म्हणजे स्टुडिओच्या स्पीकरवर, ऐकतो आणि चांगला इंजिनिअर मिनिट-सेकंदासह शेरे लिहितो. ते शेरे समोर ठेवून सवडीने, एकेक करून, काम करता येते. माझ्या गाण्यात झीलकऱ्यांच्या आवाजावरचा रिव्हर्ब (खोलीतल्या घुमण्याचा भास) मुख्य गायकाच्या रिव्हर्बशी जुळत नव्हता, त्यामुळे झील वेगळ्या खोलीतून आल्यासारखी वाटत होती. हे लेखी अभिप्रायातच प्रथम निदर्शनास आले. संबळाच्या दोन भांड्यांवर लावलेल्या दोन माइकपैकी एकाची फेज (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटून पाहा, हा शेराही तिथलाच. तो अमलात आणल्याबरोबर संबळाच्या आवाजाला एकदम भरीवपणा आला. शुल्काच्या मानाने हे दोन शेरेच पुरेसे होते, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

मात्र अभिप्राय देणाऱ्याच्या मनात ‘अकूस्टिक फोक’ म्हटल्यावर कोणते चित्र उभे राहते, याचा विचार आधी करावा. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हळुवार गाणारा आवाज, माइकच्या अगदी जवळून टिपलेला श्वास आणि शेजारी नायलॉनच्या किंवा पोलादी तारांची गिटार असते. गोंधळाचे गाणे अंगणात, मांडवात, रात्रभर जागणाऱ्या माणसांपुढे मोकळ्या गळ्याने म्हटले जाते. तिथे आवाज वाद्यांच्या पुढे तरंगत नाही, वाद्यांच्या मधून वाट काढतो. परदेशातल्या एका इंजिनिअरने तुणतुण्याची झणझण टोचते असे लिहून साधारण दोन ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात भरपूर काप सुचवला होता. त्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. परंतु तुणतुण्याची ती झणझण काढली तर मागे उरतो तो लाकडी नळकांड्याचा बोदा टणत्कार, आणि तुणतुणे आहे कशासाठी असा प्रश्न पडतो. शिवाय व्यंजनांची धार बऱ्याच अंशी याच पट्ट्यात असते, म्हणून तिथे हात घालताना जपावे लागते. अभिप्राय देणाऱ्याला मराठी येत नसेल तर शब्द ऐकू येतात का, या सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर तो देऊच शकत नाही. उलट ज्याला ते पद लहानपणापासून तोंडपाठ आहे, त्याचाही इथे उपयोग नाही. मराठी जाणणारा पण हे पद कधी न ऐकलेला माणूस हवा असतो, आणि असा माणूस पत्रव्यवहाराने शोधणे कठीण आहे.

तरीही एवढ्यावरून मी लेखी अभिप्राय बाजूला ठेवला नसता. माझा निर्णय झाला तो एका वेगळ्याच, तशा किरकोळ वाटणाऱ्या त्रासामुळे. समोरचा माणूस नेमके काय ऐकतो आहे, हे लेखी अभिप्रायातून कळत नाही.

उदाहरण संबळाचेच घ्या. एका अभिप्रायात लिहिले होते की संबळ फार पुढे आला आहे आणि गायकाला झाकतो आहे. दुसऱ्यात लिहिले होते की संबळ मागे पडला आहे, ताल हरवतो आहे. फाइल एकच. दोघेही जाणकार, दोघांचे इतर शेरे पटण्यासारखे. मी संबळ खाली घेतला तेव्हा गाण्यातला जोर गेला. वर घेतला तेव्हा पहिल्या अभिप्रायकाराचे म्हणणे मलाही पटू लागले. मग दोघांना विचारणा केली की आपण कशावर ऐकले आणि किती मोठ्या आवाजात. काही दिवसांनी एकाचे उत्तर आले, ‘हेडफोनवर’. हेडफोन कोणते, कानावर बसणारे की कानात घालायचे, तारेचे की ब्लूटूथचे, हे विचारायला पुन्हा एक पत्र लिहावे लागले. दुसऱ्याकडून उत्तरच आले नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही, कारण ठरलेल्या शुल्कात एकच फेरी होती. आवाजाची पातळी तर कोणीच सांगू शकत नाही. फ्लेचर आणि मन्सन या ध्वनिसंशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते की आवाज लहान असताना आपल्या कानांना खर्जाचे स्वर प्रत्यक्षापेक्षा दुबळे वाटतात आणि आवाज मोठा केला की ते भरून येतात. म्हणजे रात्री घरची माणसे झोपल्यावर हळू लावून ऐकणारा आणि दुपारी मॉनिटर मोठे करून ऐकणारा, दोघे संबळाबद्दल दोन परस्परविरोधी मते देणार, आणि दोन्ही खरी असणार. वाचणाऱ्याला मात्र ती सारख्याच वजनाची दिसतात. वाक्यांच्या मागे कोणता स्पीकर उभा आहे हे न कळता त्या वाक्यांवर काम करत राहणे मला असह्य झाले. कदाचित माझ्या स्वभावाचाही हा भाग असेल.

अखेर पुण्यातल्या एका लहान स्टुडिओत तासाभराची वेळ घेतली. तिथल्या इंजिनिअरने पहिल्यांदा काहीही न बोलता गाणे पूर्ण ऐकले, मग तेच मोठ्या मॉनिटरवर, मग छोट्या स्पीकरवर, आणि शेवटी स्वतःच्या फोनवर. संबळाचा तिढा तिथे काही मिनिटांतच उलगडला. मोठ्या मॉनिटरवर संबळाच्या खर्जाच्या भांड्याची आस, म्हणजे ठोक्यानंतर रेंगाळणारा नाद, लांबत जाऊन गायकाच्या खालच्या स्वरांवर चढत होती, म्हणून तो पुढे आल्यासारखा वाटत होता. फोनच्या स्पीकरमधून तो खर्ज येतच नाही, आणि काठीचा आघात मी मऊ करून ठेवलेला असल्यामुळे तिथे संबळच नाहीसा होत होता. म्हणजे दोन्ही अभिप्रायकार बरोबर होते आणि फेडर हा त्यावरचा उपाय नव्हता. खर्जाची आस आखूड केली, आघाताला थोडी धार दिली, फेडर होता तिथेच ठेवला. हा उपाय त्या दोघांपैकी कोणालाही लिहून पाठवता आला नसता, कारण प्रत्येकाने त्याचा अर्धाच भाग ऐकला होता. माझा कौल या एका गोष्टीमुळे शेजारी बसण्याकडे झुकतो, हे कबूल करतो.

शेजारी बसण्याचा आणखी एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. ऐकणारा माणूस बोलण्याआधीच काही सांगत असतो. एका कडव्यात इंजिनिअर किंचित पुढे झुकला. विचारल्यावर म्हणाला, काही नाही. त्याच्या साहाय्यकाने हे पद पूर्वी ऐकले नव्हते, म्हणून त्याला प्रत्येक ओळीनंतर शब्द सांगायला लावले, तर नेमक्या त्याच कडव्यातला ओळीचा पहिला शब्द त्याला सापडेना. झांजेचा ठोका बरोबर त्या शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडत होता. तेवढ्या ठोक्यांपुरती झांज दीड-दोन डेसिबलने खाली घेतली आणि शब्द उघडा झाला. कागदावर अशी जागा ‘काही ठिकाणी शब्द अस्पष्ट’ या चार शब्दांत संपते.

या मार्गाला खर्च अधिक येतो, हे उघड आहे. त्याखेरीज समोरासमोर बसल्यावर भीड आड येते. काही इंजिनिअर गिऱ्हाइकाचे मन राखून बोलतात आणि आपणही प्रत्येक गोष्टीचे समर्थन करत सुटतो. पहिल्या ऐकण्यात आपण तोंड मिटून बसावे, हा त्यावरचा एकमेव उपाय मला सापडला आहे. स्टुडिओची खोलीसुद्धा फसवू शकते, म्हणून आपल्या कानात बसलेले, त्याच जातीच्या वाद्यांचे एखादे जुने ध्वनिमुद्रण सोबत न्यावे आणि आधी ते ऐकावे. जुना मिक्स आणि नवा मिक्स यांची तुलना करताना दोन्हींची पातळी सारखी करून घ्यावी, कारण जो मोठा वाजतो तोच बरा वाटतो, आणि स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचे एकक) आसपास आणून वाजवली जात असल्याने तो मोठेपणा श्रोत्यापर्यंत पोहोचतही नाही. तासाच्या उत्तरार्धात कान थकतात, त्यामुळे आवाजाच्या पोताबद्दलचे निर्णय आधी घेऊन टाकावेत.

ज्यांना स्टुडिओ गाठणे शक्य नाही, विशेषतः परदेशात राहून इथल्या कलावंतांच्या ध्वनिमुद्रणावर काम करणाऱ्यांना, लेखी अभिप्रायच बरा पडेल, आणि वर सांगितल्याप्रमाणे तो टाकाऊ मुळीच नाही. व्हिडिओ कॉलवर एकत्र ऐकण्याचा मधला पर्याय आकर्षक वाटतो, पण त्यात गोंगाट गाळणारी सोय तुणतुण्याच्या अखंड नादालाच गोंगाट समजून दाबू पाहते. झूममध्ये त्यासाठी ‘ओरिजिनल साउंड’ चालू करावे लागते. त्याहून बरे म्हणजे दोघांनी आपापल्या ठिकाणी मूळ वेव्ह फाइल एकाच जातीच्या हेडफोनवर लावावी आणि कॉल फक्त बोलण्यासाठी ठेवावा. निव्वळ लेखी अभिप्राय मागवायचा असेल, तर पैसे भरण्यापूर्वीच तीन गोष्टी लिहून मागाव्यात: प्रत्येक शेऱ्यापुढे तो कशावर ऐकून लिहिला आहे, गाणे दुसऱ्या एखाद्या लहान स्पीकरवर ऐकले का, आणि एका उलट प्रश्नाचे उत्तर शुल्कात धरले आहे का. तिसऱ्याला नकार आला, तर मी तरी ते पैसे स्टुडिओच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवीन.