शेंगा, तिरफळ आणि 72 टक्के कोको: आगळ्या चवींची चॉकलेटं महिनोन्‌महिने खाल्ल्यावर

पहिली खेप दिवाळीच्या सुमारास मागवली, आता गणपती तोंडावर आलेत. मधे गड्ड्याची यात्रा झाली, हुरड्याचा हंगाम गेला, सोलापूरचा उन्हाळाही काढून झाला. त्यामुळे पहिल्या तुकड्याला 'वा' म्हटलं की नाही, हे मी धरत नाही. कोणता बार संपला म्हणून पुन्हा मागवला आणि कोणता अर्धा उरून तसाच राहिला, यावरून हे लिहितोय. पन्नास-साठ ग्रॅमसाठी तीनशे-साडेतीनशे रुपये मोजायचे तर निकष हाच हवा.

निकाल आधीच सांगून टाकतो. तिखट, खारट आणि भाजक्या चवींच्या जोड्या टिकल्या. गुलाब, लॅव्हेंडर, केशर अशा सुवासाच्या जोड्या पहिल्या दिवशी छान वाटल्या आणि मग कोणी हात लावला नाही. वाईट होत्या असं नाही; दोन तुकड्यांत त्यांचं सांगून संपलं. चांगल्या जोडीत आधी कोको बोलतो, मग दुसरी चव येते आणि शेवटी परत कोको उरतो. ज्या बारमध्ये हा क्रम लागला, तो आमच्याकडे दुसऱ्यांदा आला.

मी बोलतोय ती 'बीन टू बार' पद्धतीची चॉकलेटं, म्हणजे कोकोच्या बियांपासून वडीपर्यंत सगळं काम एकाच ठिकाणी करणाऱ्यांची. म्हैसूरची नवीलुना, ऑरोव्हिलची मेसन अँड को, कोचीची पॉल अँड माइक, चेन्नईची कोकोट्रेट, हैदराबादची मनम ही त्यातली काही नावं. यांचा बहुतेक कोको आपल्या दक्षिणेतलाच असतो: केरळातला इडुक्की, तमिळनाडूतला अनामलाईचा पट्टा, आंध्रातलं पश्चिम गोदावरी. कोकोची फळं फोडून गरासकट बिया लाकडी पेट्यांत पाच-सात दिवस आंबवतात, मग उन्हात वाळवतात. चॉकलेटची अर्धी चव तिथेच ठरते. आपल्याकडच्या कोकोत बऱ्याचदा फळाचा आंबटपणा असतो. दुधाच्या गोड चॉकलेटवर वाढलेल्या जिभेला तो सुरुवातीला खटकतो, पण चिंच आणि ताकावर पोसलेल्या जिभेला लवकर आवडायला लागतो. आमच्या शेजारच्या अक्कांचं माहेर तेलंगणातलं, सासर इथल्या पूर्व भागातलं. त्यांनी कसलीही चव न घातलेला 70 टक्के कोकोचा बार खाल्ला आणि लगेच म्हणाल्या, "ह्याला चिंचेसारखा आंबूस वास आहे की ओ, चांगलंय!" तेव्हापासून नवीन बार आला की पहिला तुकडा त्यांच्याकडे जातो. त्यांची जीभ आमच्यापेक्षा तयार आहे.

खायची रीत बदलली तशी चव कळायला लागली. तुकडा चावून गिळायचा नाही. आधी मोडायचा, चांगल्या बारचा 'कट्ट' असा आवाज येतो. मग हुंगायचा, जिभेवर ठेवायचा आणि टाळूला लावून विरघळू द्यायचा. नाकाने श्वास सोडला की मागून वास वर येतो, आणि जोडीची दुसरी चव बहुतेक वेळा तिथेच सापडते. दोन चवींच्या मधे कोमट पाणी किंवा ज्वारीच्या कडक भाकरीचा बिनमिठाचा कपटा घ्यावा. बाहेरच्या देशांत यासाठी साधी बिस्किटं वापरतात. कडक भाकरी तेच काम जास्त चांगलं करते, कारण ती तोंडातलं तुपकट साफ पुसून काढते.

आता मिरची. चॉकलेटमध्ये मिरची म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण ही जोडी सगळ्यात जुनी आहे. मेक्सिकोतले अ‍ॅझ्टेक कोको प्यायचे तो बऱ्याचदा मिरची घालून. साखर त्यात पुढे युरोपातल्या लोकांनी मिसळली आणि दुधाचं चॉकलेट तर 1875 मध्ये स्वित्झर्लंडच्या डॅनियल पीटरने आणलं. मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सेसिनमुळे असतो ते पाण्यात नाही, तेला-तुपात विरघळतं. चॉकलेटमध्ये ते कोको बटरमध्ये, म्हणजे कोकोच्या बियांतल्या चरबीत, धरून राहतं. त्यामुळे तुकडा विरघळेपर्यंत फक्त कोको लागतो, आणि गिळल्यावर घशाशी उशिरा, हळूच जाळ चढतो. भाजीतल्या तिखटासारखा तो जिभेवर आदळत नाही. पण मिरची कोणती, यावर सगळं आहे. नुसतं झणझणीत तिखट टाकलेले बार आम्ही सोडून दिले. धुरकट, सुक्या मिरचीचा वास असलेला एक डार्क बार मात्र तीनदा तरी आला असेल.

यावरूनच घरची गोष्ट सुचली. सोलापुरात राहून शेंगा चटणी चॉकलेटला लावून बघायची नाही, हे होणं शक्यच नव्हतं. शेंगदाणे खमंग भाजून, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ घालून उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली आपली चटणी. 72 टक्क्यांच्या साध्या बारचा नखाएवढा तुकडा घेतला, वर चिमूटभर चटणी दाबली. पहिले काही क्षण फक्त मीठ आणि दाण्याचं तेल. मग कोको वितळायला लागला आणि दाण्याचा भाजका वास व कोकोचा भाजका वास असे मिसळले की कुठला कुणाचा ते सांगता येईना. याला कारण आहे. भाजताना तयार होणारी पायराझिन नावाची सुगंधी द्रव्यं भाजलेल्या दाण्यात असतात, तशीच भाजलेल्या कोकोतही असतात. एवढ्यावर सगळं सुंदर होतं. मग लसूण आला आणि बराच वेळ गेलाच नाही. लसूण कोकोला पुढे येऊच देत नाही. म्हणून आता आमच्याकडे चॉकलेटसाठी वेगळी मूठभर चटणी कुटली जाते: दाणे, तिखट, मीठ, किंचित जिरं, लसूण नाही. ही जोडी विकतच्या कुठल्याही बारपेक्षा मला जास्त आवडते, आणि हे मी पूर्ण गांभीर्याने सांगतोय. कोणी सोलापूरकराने हा बार नीट करून विकायला ठेवला तर मी पहिला गिऱ्हाईक.

जोड्या का जुळतात यावर बरंच काम झालेलं आहे. इंग्लंडमध्ये ब्रे इथल्या फॅट डक हॉटेलच्या हेस्टन ब्लुमेंथलने पांढरं चॉकलेट आणि कॅव्हियार, म्हणजे माशाची खारवलेली अंडी, एकत्र वाढली. त्यातून असा विचार पुढे आला की ज्या दोन पदार्थांत सुगंधी रेणू सारखे, ते एकत्र चांगले लागतात. पण 2015 मध्ये आयआयटी जोधपूरच्या संशोधकांनी भारतीय पाककृती तपासल्या तेव्हा उलटंच दिसलं. आपल्या स्वयंपाकात एकत्र येणारे जिन्नस या बाबतीत एकमेकांपासून लांबचे असतात, आणि त्यात मोठा वाटा मसाल्यांचा असतो. माझ्या जिभेला दोन्ही पटतं. दाणे आणि कोको सारखेपणाने जुळतात, मिरची आणि कोको वेगळेपणाने. फसतात त्या अधल्यामधल्या जोड्या. पांढऱ्या चॉकलेटमधला गुलाब हे त्याचं उदाहरण. तिथे कोकोचा कडूपणाच नसतो, मग गोडावर गोड चढतं आणि खाणारा कंटाळतो.

पॉल अँड माइकचा सिचुआन मिरी आणि संत्र्याच्या सालीचा बार आमच्याकडे सगळ्यात जास्त चर्चेचा ठरला. ही मिरी म्हणजे आपली काळी मिरी नव्हे. कोकणात बांगड्याच्या कालवणात घालतात त्या तिरफळाच्या कुळातली ती, दोन्ही झँथोझायलम या एकाच वनस्पती-गटातल्या. तिखट नाही; जिभेला बारीक झिणझिण्या येतात आणि तोंडाला पाणी सुटतं. त्यावर संत्र्याच्या सालीचा कडसर ताजेपणा. माझी बायको रत्नागिरीची. तिने डोळे मिटून खाल्लं आणि म्हणाली, "अहो, हे तिरफळ आहे!" पुढच्या वेळी तिने माहेरहून खरंच तिरफळं आणली. टरफलं कोरडी भाजून, बारीक पूड करून साध्या डार्क चॉकलेटच्या तुकड्यावर भुरभुरली. पूड अगदी नावाला घ्यायची, नाहीतर जीभ बधिर होते आणि कोको कळतच नाही.

मिठाबद्दल थोडक्यात: मीठ कडूपणा दाबतं, म्हणून 80 टक्क्यांच्या पुढचा बार ज्यांना सोसत नाही त्यांनी मीठवाल्यापासून सुरुवात करावी. मीठ आत विरघळवलेलं नसावं, मागच्या बाजूला खडे दिसायला हवेत. खडा दाताखाली येतो तेव्हाच मजा. कॉफीचे, मसाला चहाचे बार चांगले असतात, पण त्यात आगळं काही नाही.

डाळिंबाच्या बाबतीत मात्र निराशा झाली. आपल्या सांगोल्याकडे भगव्या डाळिंबाच्या बागांवर बागा आहेत, सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे अपेक्षा होती. वाळवलेला डाळिंबदाणा चॉकलेटमध्ये चिवट होतो, बी दातात अडकते आणि रसाचा ताजेपणा निघून गेलेला असतो. ताजे भगवे दाणे वाटीत आणि सोबत 65 टक्क्यांचा बार, असं खाल्लं तर दोघांनाही न्याय मिळतो.

आणि हुरडा. जानेवारीत मंगळवेढ्याच्या बाजूला मित्राच्या शेतावर गेलो होतो. आगटीतून कणसं निघत होती, हातावर चोळून गरम गूळभेंडीचा हुरडा ताटलीत पडत होता. गूळ आणि चटणीच्या शेजारी मी 50 टक्क्यांच्या मिल्क चॉकलेटचे तुकडे ठेवले. हुरड्याच्या उष्णतेने ते कडेने मऊ व्हायला लागले, आणि गोवरीच्या धुराचा वास, कोवळ्या ज्वारीचा दुधाळ गोडवा आणि कोको असा एक घास झाला. मित्राचे वडील गोडाला शिवत नाहीत, त्यांनीही दुसऱ्यांदा हात पुढे केला.

आता सोलापूरकराची खरी अडचण, ती म्हणजे ऊन. कोको बटर साधारण 34 अंशांना वितळतं. म्हणून तर चॉकलेट तोंडात विरघळतं. पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 च्या घरात असतो. मे महिन्यात एका विक्रेत्याकडून आलेलं पार्सल उघडलं तर बर्फाची पिशवी कोमट आणि बार वाकलेले. तक्रार केली, उत्तर आलं की उन्हाळ्यातली जोखीम ग्राहकाची. पाठवताना हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, याचा राग अजून आहे. ते बार पुन्हा घट्ट झाले तेव्हा वर पांढुरके पट्टे उमटले. ती बुरशी नसते. कोको बटरचे स्फटिक कारखान्यात ठरावीक तापमानांना नेऊन बसवलेले असतात. चॉकलेट वितळलं की ती घडी मोडते आणि चरबी वर येते. खायला चालतं, पण तकाकी जाते, 'कट्ट' आवाज जातो आणि जिभेला रवाळ लागतं. असे बार आम्ही गरम दुधात घालून संपवले.

साठवण 16 ते 18 अंशांत असावी असं म्हणतात. सोलापुरात मार्च ते जून ते फ्रीजशिवाय शक्य नाही. फ्रीजमध्ये ठेवायचं तर वेष्टनासकट घट्ट झाकणाच्या डब्यात, भाजीच्या कप्प्यात. चॉकलेट आजूबाजूचा वास झपाट्याने ओढून घेतं. कोथिंबीर आणि चिरलेला कांदा हे त्याचे शत्रू. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका. थंड बारवर हवेतली वाफ बसते, साखर वर येते आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. कूलर चालू असलेल्या खोलीत तर हवा दमट असते, तिथे हे हमखास घडतं. रात्री उशिरा, डबा बंदच ठेवून थोडा वेळ बाहेर राहू द्यावा आणि मग उघडावा.

घेताना मागची बाजू वाचा. कोको, कोको बटर, साखर आणि जोडीचा पदार्थ, एवढंच असलं तर पैसे वाजवी आहेत. हायड्रोजनेटेड वनस्पती तेल लिहिलेलं असेल तर ते कंपाउंड, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरी चरबी वापरलेलं. ते उन्हात टिकतं, पण टाळूला मेणासारखं चिकटतं आणि त्यात कुठलीही जोडी खुलत नाही. दाणे, बदाम घातलेले बार लवकर खवट होतात, म्हणून त्यांची तारीख जास्त बारकाईने बघावी. वेष्टनाबद्दल कौतुक करायचं तर कोकोट्रेटचं. कापसाच्या कचऱ्यापासून आणि कोकोच्या टरफलांपासून केलेला त्यांचा कागद आम्ही फेकला नाही. सूत आणि चादरीच्या गावात हे कळणारे लोक पुष्कळ आहेत.

दिवाळीनंतर मागवायला सुरुवात करा, फेब्रुवारी संपायच्या आत थांबा. पोचवणावळ जास्त पडते, म्हणून आमच्या गल्लीतली तीन घरं मिळून एकच ऑर्डर देतात. पहिल्या वेळी एक साधा 70 टक्क्यांचा बार घ्या, म्हणजे जोडीशिवाय कोको कसा लागतो ते कळेल. त्याच्या जोडीला एक मिरचीचा आणि एक सिचुआन मिरीचा. घरात दुधाच्या चॉकलेटचीच सवय असलेले कोणी असतील तर 45-50 टक्क्यांचा मीठवाला बार जरूर घ्या, आणि एकाऐवजी दोन घ्या. आमच्याकडे पहिल्यांदा तोच संपतो.