क्वान क्वा की शिऊहे : चिनी नववधूचे दोन पोशाख

दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग आणि हाँगकाँग येथील वधू परंपरेने जो 'क्वान क्वा' नेसते, त्यात समोर उघडणारे सरळ बेताचे जाकीट आणि घागरा असे दोन भाग असतात. त्यावरील सोनेरी-रुपेरी जर कापडातून आरपार ओवली जात नाही. ती पृष्ठभागावर मांडून बारीक रेशमी टाक्यांनी जखडतात, आणि ड्रॅगनच्या अंगाखाली सुताचा भराव दिल्यामुळे खवल्यांचा उठाव बोटांनाही जाणवतो. भरतकाम जितके दाट, तितका पोशाखाचा दर्जा वरचा. 'क्वा-सम्राट' या सर्वोच्च प्रतीत तर खालचे लाल रेशीम जवळजवळ दिसतच नाही.

'शिऊहे' हे नाव मात्र अलीकडचे, 2000 नंतरच्या एका दूरचित्रवाणी मालिकेतील नायिकेवरून रूढ झालेले. बाजूला बंद होणारे रुंद बाह्यांचे जाकीट आणि चुण्यांचा घागरा ही त्याची घडण चिंग राजवटीच्या काळातील स्त्रीवेशावर बेतलेली असून, त्यावर रंगीत रेशमाची फुले-पाखरे खुलतात. (मुंबईच्या पारशी कुटुंबांनी जपलेल्या, कँटनच्या (आजच्या ग्वांगझूच्या) व्यापारातून आलेल्या गारा साडीवरील भरतकाम याच रेशमी टाक्यांच्या कुळातले.)

सैलपणामुळे शिऊहे अंगावर सुखाचा वाटतो, शिवाय यंत्रभरतामुळे तो स्वस्तातही मिळतो. तरीही हाताने भरलेला क्वा परवडत नसेल, तर तो भाड्याने घेऊनच नेसावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हाँगकाँगमध्ये तशी प्रथा आहेच, आणि लग्नातील चहाच्या विधीत वडीलधाऱ्यांना चहा देताना वाकलेल्या वधूच्या बाहीवर ती जर जशी उजळते, तशी यंत्राच्या टाक्यांतून उजळत नाही.